कातळ वर सरकताना

निघायच्या आधी भाच्याला मी छाती ठोकून सांगितलं होतं, "सव्वा तासात धबधब्यापाशी." हिशेब साधा होता. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला वर आणखी एक. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला हा ठोकताळा मी बरीच वर्षं वापरतो. आमची पायवाट चार किलोमीटरची, चढ तीनशे मीटर.

लागले अडीच तास. नेस्मिथसाहेबांनी जळवा हिशेबात धरल्या नव्हत्या.

पहिली जळू भाच्याला दिसली, माझ्या पोटरीवर, मोज्याच्या जरा वर. "मामा, हलू नकोस," म्हणत त्याने सॅकमधून मिठाची पुडी काढली. मी त्याला थांबवलं. मीठ टाकलं की जळू सुटते खरी, पण सुटता सुटता पोटातलं जखमेत ओकू शकते. त्यापेक्षा तिचं बारीक टोक शोधायचं, तेच तोंड. त्याच्या शेजारी कातडीवर नख टेकवायचं आणि आडवं सरकवायचं. तोंड सुटलं की लगेच मागचं जाड टोक, आणि क्षणही न दवडता टिचकी, नाहीतर बाईसाहेब बोटाला धरतात. दुखत काहीच नाही. रक्त मात्र बराच वेळ वाहत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. त्यानंतर दर दहा मिनिटांनी थांबून एकमेकांचे पाय तपासणं सुरू झालं. वेळ गेला तो असा.

धबधब्याचा आवाज तासाभराने आला. भाचा म्हणाला, "आलंच!" पुढच्या वळणावर डोंगराची सोंड मध्ये आली आणि आवाज बंद. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तो काही बोललाच नाही.

शेवटचा ओढा घोट्याइतका होता. त्याला दोनच गोष्टी सांगितल्या: काळ्या चकचकीत दगडावर पाय द्यायचा नाही, बूट भिजले तरी चालतील, आणि सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे घसरलास तर सॅक झटकून मोकळं होता येतं. दुसऱ्या गोष्टीवर तो हसला. घोट्याइतक्या पाण्यात कसला पट्टा, मामा?

धबधबा काही फार उंच नाही. पण समोर खोलीएवढे धोंडे पडलेत, आणि मला आवडतात ते हेच. वरचा कातळ कठीण, खालचा थर ठिसूळ. पडणारं पाणी ठिसूळ थर पोखरत जातं, वरचा कडा अधांतरी होतो आणि कधीतरी कोसळतो. म्हणजे आम्ही पाय पसरून बसलो होतो तो धोंडा बहुधा कधीकाळी धबधब्याचाच माथा होता.

भाच्याने पाच मिनिटांत वीसेक फोटो काढले आणि म्हणाला, "निघायचं?" फोटो काढून झाले की धबधबा संपतो, असं या पोरांना का वाटतं कोण जाणे. म्हटलं, फोन खिशात ठेव. पडत्या पाण्यातल्या एकाच जागी नजर रोव आणि साठ आकडे मोज. मग शेजारच्या कातळाकडे बघ.

त्याने मोजले. मग कातळाकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी धोंडा धरला. "मामा, कातळ वर चाललाय!"

चाललेला असतो, आणि जागचा हललेलाही नसतो. रॉबर्ट ॲडम्सने १८३४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यावर हेच पाहून लिहून ठेवलं. एकाच दिशेची हालचाल बघून मेंदूतल्या त्या दिशेच्या पेशी मंदावतात, उलट दिशेच्या वरचढ ठरतात, आणि स्थिर दगड वर निघाल्यासारखा दिसतो. काही सेकंदच. या एका गंमतीसाठी मी गुडघ्याची कुरकुर ऐकत धबधबे गाठतो, हे घरी अजून कुणाला पटलेलं नाही.

चौथ्यांदा त्याचे आकडे चाळिसाच्या घरात असताना माझं लक्ष डोहाच्या काठाकडे गेलं. पाणी गढुळलं होतं आणि वर पालापाचोळा तरंगत होता. आमच्यावर एक थेंब नव्हता, पण वर कुठेतरी पाऊस झाला असणार. "ऊठ. आत्ता." त्याने का म्हणून विचारलं नाही.

घोट्याइतका ओढा आता पोटरीपर्यंत आला होता. पाण्यात पाय घालण्याआधी कमरेच्या पट्ट्याचा खट्ट आवाज झाला. माझ्या नव्हे, त्याच्या. आम्ही एकमेकांचे दंड धरून पार झालो.

पलीकडे उंचावर चढल्यावर मी पुन्हा जळवा शोधत बसलो. तो ओढ्याकडे टक लावून उभा होता. बराच वेळ. मग त्याने मान वळवून काठाकडे पाहिलं.

"मामा, इथेही होतंय. काठ उलटा वाहतोय."