फ्रानेकरचं तारांगण: जाताना लेउवार्डनला सांभाळा

आधी नेदरलँड्समधल्या लेउवार्डन स्टेशनचं सांगते, कारण तिथंच आमच्या दिवसाची माती होणार होती. आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टेलवेनहून फ्रानेकर गावी तारांगण बघायला जायचं तर लेउवार्डनला गाडी बदलावी लागते, आणि पुढची हार्लिंगनकडे जाणारी गाडी दुसऱ्या कंपनीची असते. बँकेचं कार्ड टेकवून प्रवास करत असाल, तर आधी पहिल्या कंपनीच्या खांबावर चेक-आउट करायचं आणि मग दुसऱ्या कंपनीच्या खांबावर नव्यानं चेक-इन. स्टेशनबाहेर पडत नसलात तरीही. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. गाडी सुटायला चार मिनिटं होती, आईचा हात धरून मी धावतच चढले आणि पुढच्या दहा मिनिटांत तपासनीस समोर उभा. दंड दोघींना, तोही तिकिटाच्या कितीतरी पट. विनवण्या करून काही झालं नाही. तेव्हा दोन तासांहून लांबच्या या प्रवासाला घरूनच फ्रानेकरपर्यंतचं एकच ई-तिकीट काढा आणि गाडी बदलायला मध्ये भरपूर वेळ ठेवा.

दुसरी फसगत शब्दाची. 'तारांगण' म्हटल्यावर आईच्या डोळ्यांपुढे वरळीचं नेहरू तारांगण होतं, घुमट, अंधार, मागे रेललेल्या खुर्च्या. इथे आहे ती कालव्याकाठच्या एका घरातली बैठकीची खोली. छत निळं, त्यात वर्तुळाकार फटी कापलेल्या, आणि त्यांतून लोंबणारे लहान लहान गोळे म्हणजे बुध ते शनी. आइसे आइसिंगा या लोकर विंचरणाऱ्या माणसानं १७७४ ते १७८१ या सात वर्षांत हे स्वतःच्या हातानं केलं. ते आजही चालू आहे आणि २०२३ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

"वीस मिनिटांत उरकतं," असं मला ओळखीच्या दोघांनी सांगितलं होतं. साफ चूक. नुसती मान वर करून बाहेर पडलात तर वीस मिनिटंही जास्तच, कारण डोळ्यांदेखत काहीच हलत नाही. ग्रह खऱ्या गतीनं फिरतात. बुधाची फेरी ८८ दिवसांची, शनीची २९ वर्षांहून जास्त. आई शनीकडे बघत म्हणाली, "एका राशीत अडीच वर्षं, ते हेच की!" साडेसातीचा हिशेब तिला तिथं छतावर दिसला. अंतरंही प्रमाणात आहेत, १ मिमी म्हणजे १० लाख किमी. पृथ्वी सूर्यापासून वीतभरही नाही, शनी जवळजवळ दीड मीटरवर. युरेनसचा शोध लागला १७८१ मध्येच, पण या मापानं त्याला त्या खोलीत जागाच नाही.

माहिती सांगणारा माणूस असेल तर थांबा, इंग्रजीतून माहिती पुढे कधी सांगणार ते तिकीट काढतानाच विचारा. आम्ही थांबलो म्हणून १७७४ ची गोष्ट कळली. मे महिन्यात बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि चंद्र आकाशात एकत्र येणार होते, आणि एका धर्मोपदेशकानं जगबुडीची भाकितं छापली होती. लोक घाबरले. १९६२ च्या अष्टग्रहीत आई सात वर्षांची होती. गावात होमहवन चाललेलं, शेजारच्या काकूंनी धान्य भरून ठेवलेलं, हे ती तिथल्या तिथं सांगू लागली. आइसिंगानं काय केलं, तर ग्रह आपापल्या जागी कसे चालतात ते घराच्या छतावर मांडून दाखवलं.

आता माळा. तिथं गेल्याशिवाय परत येऊ नका. जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघे दुखत असतील तर चढू नका. आई खालीच बसली. वर लाकडी चाकं आणि कडी आहेत, आणि त्यांचे दात म्हणजे हातानं घडवून ठोकलेले हजारो लोखंडी खिळे. जवळून पाहिलं तर एकाचं टोक दुसऱ्यासारखं नाही, तरी चाकात चाक बरोबर अडकतं. या सगळ्याची गती एक लंबक सांभाळतो, तोही खालच्या कपाटासारख्या पलंगाच्या वर. मी तिथून हलेचना.

म्युझियमकार्ड, म्हणजे इथल्या संग्रहालयांचा वार्षिक पास, चालतं. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघण्याआधी बघा. स्टेशनपासून दहा मिनिटं चालायचं, वाट सपाट. गाव छान आहे.

परतताना लेउवार्डनला मी दोन्ही खांबांवर कार्ड टेकवलं, आणि दोन्ही वेळा आईनं हिरवा दिवा लागल्याची खात्री करून घेतली.