फोटो कुठला? आधी न हलणाऱ्या वस्तू बघा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या फोटोत लोकेशन शोधत बसू नका; नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतला एक्झिफ डेटा (कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेली तारीख, वेळ, लोकेशन) वाटेतच गळतो. मूळ फाइल हवी असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. त्यात अक्षांश-रेखांश सापडले तरी अंश-मिनिटांचे दशांश नीट करा. १८ अंश ३१ मिनिटे म्हणजे १८.५२. ते १८.३१ असं टाकलं की पुण्यातली पिन २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते.

डेटा नसेल तर आधी फोटो उलटा नाही ना ते बघा. काही फोनचा सेल्फी कॅमेरा डावं-उजवं बदलतो. पाटीवरची अक्षरं किंवा गाडीचं स्टिअरिंग लगेच सांगतं.

मग पाट्या. एमएच १२ दिसलं म्हणजे पुणं, हा निष्कर्ष घाईचा. पुण्याच्या गाड्या गोव्यात कमी असतात का? त्यापेक्षा दुकानाच्या पाटीवरचा जीएसटी नंबर पकडा. पंधरा अक्षरांतले पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९. पूर्ण नंबर वाचता आला तर जीएसटी पोर्टलवर नोंदणीचा पत्ताही सापडतो. फक्त तो मुख्य कार्यालयाचा असू शकतो, फोटोतल्या शाखेचा नव्हे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग.

वेळेचा दावा तपासायला सावली. उभ्या वस्तूची उंची भागिले सावलीची लांबी म्हणजे सूर्याच्या उंचीच्या कोनाचा टॅन्जंट. पुण्यात २२ डिसेंबरला, सूर्य सगळ्यात खाली असतानाही, माध्यान्हीचा कोन ४८ अंश असतो. ३ मीटरच्या खांबाची सावली २.७ मीटर. म्हणजे पुण्यात ऐन माध्यान्ही सपाट जमिनीवर सावली खांबाहून लांब पडूच शकत नाही. दिल्लीत त्याच दिवशी ती ३.८ मीटरच्या आसपास जाते. आणि माध्यान्ह म्हणजे सूर्य दिवसात सगळ्यात वर असतो तो क्षण, घड्याळातले बारा नव्हेत : भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, त्यामुळे पुण्यात माध्यान्ह वर्षभरात साधारण १२.१८ ते १२.५० च्या दरम्यान येते.

इथे हमखास फसगत होते ती उत्तर दिशा ठरवताना. 'दुपारची सावली उत्तरेला' हा नियम पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत उलटतो, कारण तेव्हा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. (पावसाळ्यात सावली दिसलीच तर!)

नेमकी जागा मात्र रेषांनीच ठरते. फोटोत एकामागे एक बरोबर रेषेत आलेल्या दोन पक्क्या वस्तू शोधा : पाण्याच्या टाकीची कड आणि तिच्यामागचा मोबाइल टॉवर, समजा. गूगल अर्थवर दोन्हींतून रेषा काढून ती जवळच्या वस्तूच्या अलीकडे वाढवा. कॅमेरा त्याच रेषेवर कुठेतरी आहे. दुसरी अशीच जोडी घेतली की रेषा जिथे छेदतात तिथे फोटोग्राफर उभा होता. दोन रेषांमधला कोन फार लहान असेल तर थोड्याशा चुकीनेही छेदबिंदू शंभर-दोनशे मीटर पुढेमागे जातो. अशा वेळी फोटोच्या दुसऱ्या कडेची जोडी घ्या. टाकी किंवा टॉवर उपग्रहचित्रात दिसतच नसेल, तर जुन्या वर्षांची चित्रं उघडा. फोटो काढल्यानंतर तो पाडलेला असू शकतो.