आमची वाटचाल: उद्यमबागेतली चांदीची रेघ

वडिलांनी बेळगावात उद्यमबागेत दोन लेथ टाकले तेव्हा आजूबाजूला फाउंड्र्याच होत्या. धातू म्हणजे भट्टीत वितळवून ओतायची वस्तू, हे बघतच मी वाढलो. चांदीला त्यासाठी 962 अंश लागतात. त्यामुळे चांदीचे नॅनोकण दीडशे-दोनशे अंशांतच एकमेकांना जुळतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पटेना. कण इतका बारीक असतो की त्याचे पुष्कळसे अणू पृष्ठभागावरच येतात. तिथली पकड ढिली, म्हणून थोड्या उष्णतेनंही ते शेजारच्या कणाला जाऊन मिळतात.

सुट्या भागांवर नंबर-खुणा उमटवायच्या, म्हणजे मार्किंगच्या कामामुळे लेसरची सवय होती. म्हणून याच कणांपासून वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या रेघा काढायचं काम धरलं. प्लास्टिकच्या फिल्मवर नॅनोकणांची शाई पसरायची, सुकवायची, हवी तेवढीच रेघ लेसरनं तापवायची आणि उरलेली शाई धुऊन टाकायची. काळपट शाईवरून लेसर सरकला की मागोमाग चांदीची चकाकी उमटत जाते. जाडी एका मायक्रॉनहून कमी! आजही हातातलं काम टाकून मी ते बघत राहतो. गिऱ्हाइकानं डिझाइन बदललं तर फक्त फाइल बदलायची.

आमच्याकडचा पावसाळा मात्र नडला. शाई वरून सुकलेली, आत ओल. लेसर लागताच फुगून पापुद्रे निघायचे. पॉवर वाढवली की बाटलीच्या जातीचं ते प्लास्टिकच जळायचं. शाई आतपर्यंत सुकवायला हॉटप्लेट घेतली, पॉलिइमाइडची, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची फिल्म धरली, तेव्हा जम बसला.

पहिली मोठी ऑर्डर हायड्रॉलिक पंपाच्या तेलाचं तापमान मोजणाऱ्या पट्ट्यांची. तापेल तसा चांदीचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा वाढतो, त्यावर हे चालतं. प्रत्येक पट्टी बर्फाच्या पाण्यात 0 आणि उकळत्या पाण्यात 100 धरून आम्ही जुळवली. लॉट परत आला. 80 अंशांच्या तेलाला पट्टी 82 दाखवत होती. शाई, लेसर, सोल्डर, सगळं चार दिवस उलटंपालटं केलं. शेवटी आमच्या ऑपरेटरनं उकळत्या पाण्यात चांगला थर्मामीटर बुडवला. जेमतेम 97.5! बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून इथं पाणी शंभराच्या आतच उकळतं. चूक आमचीच होती. सगळा लॉट पुन्हा जुळवून, भाडं आम्ही भरून पाठवला.

आता रोज सकाळी हवेचा दाब आणि उकळत्या पाण्याचं तापमान वहीत चढल्याशिवाय एकही पट्टी पॅक होत नाही. ऑपरेटर ते कानडीत लिहितो, खाली माझी मराठीत सही असते.