न पडता तडकलेली काच

टॅबलेट दुरुस्तीला आला तेव्हा त्याची काच तिसऱ्यांदा तडकलेली होती. पहिल्यांदा तो हातातून निसटून कोपऱ्यावर आपटला होता, हे मालकीणबाईंनी स्वतःहून सांगितलं. पुढच्या दोन्ही वेळा मात्र तो पडलाच नव्हता, यावर त्या ठाम होत्या. "दादा, टेबलावर नुसता ठेवला होता. रात्री टक् असा आवाज आला आणि सकाळी बघते तर ही रेघ." आधी काच बदलून देणाऱ्यांनी हे मानलं नव्हतं. वरून दाब पडला असणार, त्याला गॅरंटी नसते, असं म्हणत दुसऱ्या काचेचेही पूर्ण पैसे लावले होते.

अशा वेळी आधी काच वाचायची. आपटलेल्या काचेत मार बसलेल्या जागी चुरा झालेला असतो आणि तिथून चहूबाजूंना तडे जातात. त्या तड्यांना पुढे फाटे फुटतात. फाटे ज्या दिशेने पसरतात त्याच्या उलट मागे येत गेलं की मूळ सापडतं. या टॅबलेटवर चुरा कुठेच नव्हता. एकच गुळगुळीत रेघ होती, लांब कडेच्या साधारण मध्यातून निघालेली आणि हलकं वळण घेत समोरच्या कडेला गेलेली. कमी जोराने, सावकाश ताण वाढत गेला की काच अशी फुटते. शिवाय कोपरा पूर्वी चेपला होता म्हणून सगळ्यांचं लक्ष कोपऱ्याकडे होतं आणि तडा तर कोपऱ्यापासून दूर सुरू झाला होता. बाई खरं बोलत होत्या.

टॅबलेट उताणा ठेवून बोटाने फिरवला, तर तो सपाट टेबलावर भोवऱ्यासारखा फिरला. पाठ सपाट असेल तर असं होत नाही, कडा टेबलाला घासून तो थांबतो. पाठीवर स्टीलची पट्टी आडवी धरली, तर मध्यभागी पट्टी टेकत होती आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसत होता. मग स्क्रीन पूर्ण पांढरी करून पाहिली. मधोमध एक फिकट, जरा जास्त उजळ डाग होता. एलसीडीला, म्हणजे काचेखालच्या चित्र दाखवणाऱ्या पॅनेलला, मागून दाब बसला की बॅकलाइटचे (मागून उजेड देणारे) थर एकमेकांवर दाबले जातात आणि असा डाग दिसतो. तीनही खुणा बॅटरीकडे बोट दाखवत होत्या. विचारल्यावर कळलं, की टॅबलेट पावत्या काढायला वापरतात आणि तो दिवसरात्र चार्जरलाच असतो. लिथियम सेल कायम पूर्ण चार्जवर आणि गरम राहिला की आतला इलेक्ट्रोलाइट (वीज वाहणारं रसायन) विघटित होऊन वायू तयार होतो. तो वायू पाऊचला, म्हणजे सेलच्या बंद पिशवीला, फुगवतो. पाऊच फुगला की एलसीडी वर उचलली जाते आणि ती काचेला आतून रेटते. काच मात्र चारही कडांना चिकटवलेली असते.

लगेच न फुटता काच रात्री, कुणी हात न लावता का फुटते, हे बहुतेकांना पटत नाही. मोबाइल-टॅबलेटची काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये बुडवून मजबूत केलेली असते. काचेतले लहान सोडियम आयन (विद्युतभार असलेले अणू) बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन बसतात. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि बारीक ओरखडा पुढे सरकत नाही. पण हा दाबाचा थर जेमतेम काही दहा मायक्रॉन जाडीचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याच्या पलीकडे खोल गेलेली खाच धोक्याची. काच मजबूत करून नंतर कापली असेल, तर कापलेल्या कडेला ते संरक्षण उरतच नाही आणि स्वस्त बदली काचांची कड म्हणूनच हळवी असते. अशा कडेवर बारीक टवका असला आणि मागून सतत ताण असला, की हवेतली आर्द्रता टवक्याच्या टोकाशी काचेचे बंध हळूहळू तोडत राहते. तडा दिसणार नाही इतक्या सावकाश वाढतो. एका ठरावीक लांबीनंतर तो एकदम पळतो. आवाज येतो तो त्या क्षणाचा, नुकसान त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं.

एरवी अशा टॅबलेटची काच काढायला तो ७० ते ८० अंशांच्या हीट प्लेटवर काही मिनिटं ठेवतात. इथे ते करायचं नव्हतं, कारण फुगलेल्या सेलला उष्णता देणं म्हणजे आग ओढवून घेणं. टॅबलेट आधी वापरून चार्ज २५ टक्क्यांखाली आणला. काचेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावली. त्याने तुकडे उडत नाहीत आणि सक्शन कपलाही पकड मिळते. डोळ्यांवर चष्मा हवाच. गरम पॅड फक्त कडेकडेने फिरवला, मध्ये नाही. कडेला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडले आणि प्लॅस्टिकचे पिक, म्हणजे पातळ टोकदार चकत्या, जेमतेम चिकटपट्टीच्या रुंदीइतके आत सरकवले. पिक याहून आत गेला की एलसीडीच्या कडेला लागतो. टचची पट्टी, म्हणजे काचेला बोर्डाशी जोडणारी पातळ केबल, कुठल्या कडेला आहे हे आधी माहीत हवं. ती कड शेवटी सोडवायची आणि पुस्तकाच्या पानासारखी त्याच बाजूला काच उघडायची, नाहीतर सॉकेट उपटून येतं. उघडल्यावर एलसीडीचे स्क्रू काढले, ती उलटवली आणि सगळ्यांत आधी बॅटरीचं कनेक्शन तोडलं.

दोन सेलपैकी एक स्पष्ट फुगलेला होता. तो मेटलच्या हत्याराने कधीही उचकटू नये. सेलखाली अल्कोहोल सोडून थांबायचं, मग प्लॅस्टिकचं कार्ड कडेकडेने सरकवत गोंद सोडवायचा, एकाच जागी जोर न देता. सेल वाकला तर आतले थर एकमेकांना भिडतात. काढलेली बॅटरी कोरड्या वाळूच्या धातूच्या डब्यात ठेवली आणि ई-कचऱ्यात देण्यासाठी वेगळी काढली. ती साध्या कचऱ्यात टाकायची नाही.

फुगलेली बॅटरी निघाली म्हणून काम संपलं असं नव्हतं. काच बसते त्या कठड्यावर जुन्या चिकटपट्टीच्या थरात आधीच्या काचांचे कण रुतलेले होते. असा एक कण जरी नव्या काचेखाली राहिला, तरी सगळा दाब त्या टोकावर येतो. भिंगाखाली बघत, चिकटपट्टीने टिपत आणि अल्कोहोलने पुसत कठडा साफ करण्यात सर्वाधिक वेळ गेला. तो वेळ द्यावाच लागतो. चेपलेला कोपरा पूर्वी घासलेला होता, पण आतल्या बाजूला ॲल्युमिनियमची धार शिल्लक होती. बोर्ड आणि पोर्ट कॅप्टॉन टेपने (वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीने) झाकून ती बारीक कानसीने काढली. ॲल्युमिनियमचा कीस वीज वाहून नेतो, त्यामुळे घासल्यावर व्हॅक्यूमने तो पूर्ण ओढून घ्यायचा. फुंकर मारली तर तो बोर्डाखाली जातो.

मग काच न चिकटवता बसवून पाहिली. ती स्वतःच्या वजनाने जागेवर बसायला हवी. बोटाने दाबून बसवावी लागत असेल तर फ्रेम अजून सरळ झालेली नाही. काच आणि फ्रेम यांच्या फटीतून साध्या छपाईच्या कागदाची पट्टी, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर, चारही बाजूंनी फिरवली. ती ज्या जागी अडली तिथे पुन्हा कानस लावली. त्यानंतर नवी बॅटरी टाकली, टचची पट्टी मूळ घडीवरच दुमडली आणि चिकटवण्याआधीच टच तपासला. एक आयकॉन बोटाने धरून स्क्रीनच्या प्रत्येक ओळीतून फिरवायचा. कुठे सुटला तर पट्टी नीट बसलेली नाही. पातळ गोंदाऐवजी तयार कापलेली दुहेरी चिकटपट्टी वापरली. गोंदाची जाडी सारखी राहत नाही आणि तो एलसीडीवर ओघळतो. एलसीडीवरचा डाग पुष्कळ फिका झाला, पण गेला नाही. तो राहील हे बाईंना आधीच सांगितलं होतं. चित्र नीट दिसत असताना केवळ त्या डागासाठी एलसीडी बदलणं खर्चाच्या दृष्टीने मला पटत नव्हतं, त्यांनाही नाही.

खर्चाबद्दल लोकांचा नेहमी गोंधळ होतो. या टॅबलेटमध्ये काच-टच एक भाग होता आणि एलसीडी वेगळी, मध्ये हवेची फट. म्हणून फक्त काच बदलता आली. बहुतेक मोबाइलमध्ये काच, टच आणि पॅनेल पारदर्शक गोंदाने एकजीव केलेले असतात. तिथे काच कितीही स्वस्त असली तरी पूर्ण कॉम्बो, म्हणजे हा एकजीव संच, बदलावा लागतो, किंवा सेपरेटरवर (काच सोडवायच्या यंत्रावर) बारीक तारेने काच वेगळी करून नवी काच व्हॅक्यूममध्ये लॅमिनेट करावी लागते. ओएलईडीमध्ये, म्हणजे बॅकलाइटशिवाय स्वतः उजळणाऱ्या पॅनेलमध्ये, हे करताना पॅनेल जाण्याची जोखीम मोठी असते. ओलावा आत शिरला की काळा डाग पसरत जातो आणि तो पुन्हा दुरुस्त होत नाही. ही जोखीम कोण उचलणार, हे काम सुरू होण्याआधीच बोलून घ्यायला हवं. ओएलईडीच्या जागी स्वस्त एलसीडी कॉम्बो टाकून घेतला, तर तो जाड असल्याने फ्रेममध्ये पूर्ण बसत नाही आणि बॅटरीही जास्त खातो. काचेच्या कडा वर राहतात. पुढच्या वेळी तिथूनच तडा जातो.

बिलात काच, बॅटरी आणि फ्रेमचं काम वेगवेगळ्या ओळींत लिहिलं. बाईंनी तिन्ही ओळी नीट वाचल्या आणि विचारलं, "म्हणजे पहिल्या वेळीच बॅटरी पाहिली असती तर पुढची काच लागलीच नसती?" बहुधा नसती, असं उत्तर दिलं. टॅबलेटमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय होती, ती चालू करून दिली. महिन्यातून एकदा तो टेबलावर फिरवून पाहायला सांगितलं आणि काचेवर चुरा नसलेला, कडेतून निघालेला तडा पुन्हा आला तर पैसे न घेता काच बदलू, हे बिलावर लिहून खाली सही केली.