आमची वाटचाल: सातव्या माळेपासून

सशांसाठी गव्हाचा ताजा चारा आणि सुकं गवत विकायचा आमचा धंदा सुरू झाला तो असा. २०१९ च्या नवरात्रात, सातव्या माळेला, आमच्या सशानं, भुऱ्यानं, घट खाल्ला. देवघराचं दार कुणीतरी उघडं टाकलं होतं. काळ्या मातीत उगवलेले गव्हाचे चार बोटं उंचीचे कोंब, नंदादीपाच्या उजेडात वाढलेले म्हणून पिवळसर, एका बाजूनं पार भुईसपाट झाले होते आणि भुऱ्या मिशा हलवत तिथंच बसला होता. सासूबाईंनी क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "देवीनंच घेतलं म्हणायचं. आता त्याला ओरडू नका."

मला राग यायच्या ऐवजी हायसं वाटलं. मुलीच्या हट्टापायी आणलेला हा ससा दोन महिने नुसत्या पाकिटातल्या खाद्याच्या गोळ्यांवर होता, गवताला तोंड लावत नव्हता. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात, चावून चावून झिजले नाहीत तर खाणंच बंद पडतं, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. आणि इथं तो स्वतःहून हिरवं खात होता.

दसरा झाल्यावर मी पोह्यांच्या चाळणीत मूठभर लोकवन गहू भिजवून ठेवला. माती नको होती, घरभर सांडते. माझं माहेर मंगळवेढ्याचं. त्याच वर्षीच्या दुष्काळात आमच्याकडे जनावरं छावणीत होती, तेव्हा चुलत्यांनी, आमच्या आप्पांनी, शेडनेटखाली ट्रेमध्ये मातीविना मक्याचा चारा करून दोन गाई घरी सांभाळल्या होत्या. त्यांना फोन लावला. गहू बारा तास भिजवायचा, ओल्या गोणपाटात एक दिवस बांधून मोड आणायचे, मग ट्रेमध्ये सेंटिमीटरभर थर पसरायचा, दर दोन-तीन तासांनी पाण्याचा फवारा द्यायचा. खत लागत नाही, आठवडाभर दाण्यातली शिदोरीच पुरते. आठव्या दिवशी खाली मुळांची घट्ट वीण आणि वर हिरवी पाती, उचलली तर अख्खी चटई हातात येते. आमच्या घरात तिचं नाव चटईच पडलं, पुढं बिलावरही तेच छापलं.

माहेराहून ज्वारीचं पोतं आलेलं होतं. मालदांडी, टपोरी. म्हटलं गव्हापेक्षा हीच भिजवू, घरची आहे. आप्पांना कौतुकानं सांगितलं तर ते फोनवरच ओरडले, "आगं, कवळी ज्वारी हाय ती! किरळ लागंल की सशाला!" कोवळ्या ज्वारीत विष असतं, गुरं त्यानं तासाभरात आडवी होतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण रानातली ज्वारी आणि स्वयंपाकघरातली चाळणी यांचा संबंध डोक्यातच आला नाही. भिजवलेली ज्वारी टाकून दिली. आजही आमच्याकडून बी नेणाऱ्याला पहिली सूचना हीच असते: ज्वारी रुजवायची नाही.

धंदा म्हणून सुरुवात झाली ती २०२० च्या टाळेबंदीत. बाहेरदेशाहून येणारं सुकं गवत बाजारात मिळेना आणि आमच्या सोसायटीतल्या दोन घरांनी भुऱ्याची चटई मागितली. दोनाची अकरा घरं झाली. बाजार उघडल्यावर पुण्याच्या बोहरी आळीतून ट्रे, मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून गहू आणि पासोड्या विठोबापाशी मिळालेला फवाऱ्यासाठीचा एक टायमर आणला. आमच्या ह्यांनी बाल्कनीत ट्रे ठेवायला लोखंडी घोडा उभा केला. प्रत्येक ट्रेला वाराची चिठ्ठी, सोमवार ते रविवार. छोट्या धंद्यांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी केली तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावं यावर घरात अर्धा तास वाद झाला.

त्या पावसाळ्यात आम्ही तोंडावर आपटलो. पुण्याची ऑगस्टमधली हवा म्हणजे कपडे तीन दिवस वाळत नाहीत. त्यात आम्ही ओल्या चटया प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून संध्याकाळी पाठवत होतो. एका ताईंचा सकाळी फोन आला: ससा रात्रीपासून खात नाही, पिंजऱ्यात एकही लेंडी नाही. सशाला उलटी करता येत नाही, आतडं एकदा थांबलं की बारा तासही फार होतात. त्यांना तसंच डॉक्टरांकडे जायला सांगितलं आणि मी त्याच खेपेचा उरलेला ट्रे उलटा केला. वरून हिरवागार, खाली मुळांत करडे ठिपके. ससा तीन दिवस सिरिंजनं भरवून वाचला. डॉक्टरांनी चटईलाच दोष दिला असं नाही, पण मला दुसरं कारण शोधायची गरज वाटली नाही. बिल आम्ही भरलं, सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून चटया टाकून द्यायला सांगितलं, आणि दोन महिने काहीच विकलं नाही.

त्या दोन महिन्यांत जे कळलं त्यावर पुढचा सगळा धंदा उभा आहे. फुटका दाणा आधी कुजतो, म्हणून गहू हातानं निवडायचा. पाखडून, पाण्यात तरंगणारे दाणे काढून. किराणा दुकानातला किंवा घरच्या कोठीतला गहू घेण्याआधी विचारायचं, त्याला काय लावलंय? एरंडेल लावलेला गहू पाणी नीट धरत नाही आणि बोरिक पावडर लावलेला तर सशाजवळ न्यायचाच नाही. पेरणीचं गुलाबी बियाणंही नको, तो रंग औषधाचा असतो. ट्रेला उतार हवा, पाणी साचता कामा नये. वासाचं म्हणाल तर मराठी बाईला ते शिकवावं लागत नाही: कुरडयांसाठी तीन दिवस भिजवलेल्या गव्हाच्या चिकाला जो आंबूस वास येतो, तो ट्रेला आला की ट्रे बाद.

तिसऱ्या दिवशी मात्र प्रत्येक नवं गिऱ्हाईक घाबरून फोटो पाठवतं, "ताई, बुरशी आली!" ती बहुतेक वेळा मुळांची पांढरी लव असते. पाणी फवारलं की लव चापून बसते, बुरशी तशीच दिसत राहते. हे एक वाक्य मी हजारदा तरी सांगितलं असेल.

पुढच्या एप्रिलमध्ये सासूबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यांच्या शेजारीच मी एका किलो गव्हाची चटई पसरली. ओली साडेपाच किलो भरली होती. दोन उन्हं खाल्ल्यावर वजन केलं तर पाऊण किलोच्या थोडं वर. म्हणजे एका किलोचे साडेपाच किलो झाले ते नळाच्या पाण्यानं, आणि मूळ गव्हातलंही थोडं उगवण्यातच खर्च झालं. आमच्या पहिल्या पत्रकावर मी मोठ्या अक्षरात "एका किलोत पाच किलो चारा" छापलं होतं. उरलेली पत्रकं रद्दीत गेली.

त्यानंतर विकायची वस्तूच लहान केली. घरी चटई रुजवायला आम्ही जो सात ट्रेचा संच देत होतो तो एका सशाला फार होतो, लोक उरलेलं त्यालाच घालतात आणि लेंड्या पातळ होतात. आता चार छोटे ट्रे देतो. दिवसाला तळहाताएवढा तुकडा, न रुजलेले दाणे झटकून, तोही पहिल्या आठवड्यात चिमटीनं वाढवत. बाकी पोट सुक्या गवतानंच भरलं पाहिजे. हे ऐकून काही लोक संच न घेताच जातात. मका मागणाऱ्यांनाही नाही म्हणतो. गाईचं पोट आणि सशाचं पोट एक नव्हे.

मग सुकं गवत आणायचं कुठून? बाहेरचं महाग. आप्पांना विचारलं. त्यांनी विहिरीखालच्या दहा गुंठ्यांत रब्बीला ओट पेरलं, राहुरी कृषी विद्यापीठाचं फुले हरिता हे वाण. फुलोऱ्यावर कापून सावलीत वाळवलं, हिरवा रंग आणि चहापत्तीसारखा वास टिकला. गावात विचारणा झालीच, "आप्पा, सशाला गवत इकतायसा म्हणं?" आप्पा म्हणाले, "व्हय, आन् कडब्यापेक्षा भाव बरा मिळतुय." आज आमची निम्म्याहून जास्त विक्री त्या गवताची आहे, चटईची नाही. भुऱ्या अजूनही आधी पाती खातो आणि गवतावर निजतो, पण सकाळपर्यंत गादी अर्धी झालेली असते.

पावसाळ्यात आम्ही तयार चटई देत नाही, फक्त बी आणि ट्रे. ताज्या चटईच्या ऑर्डर दसऱ्यानंतर घेतो. ओटचं गवत मार्चपासून पुरेल तोवर मिळतं. यंदा आप्पा वीस गुंठे पेरायचं म्हणतायत, पण दिवाळीला विहिरीत पाणी किती आहे ते बघून.