आमची वाटचाल: ऑफिसातल्या खिळ्याची गोष्ट

आमच्या फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्याच्या, ऑफिसात शिरताना डाव्या हाताला भिंतीवर एक खिळा आहे. 2014 साली मी तिथं एक फ्रेम टांगली होती. इंग्रजीत चार ओळी, सोनेरी अक्षरं, खाली माझी सही. एका सल्लागारानं मला दोन दिवस हॉटेलात बसवून कंपनीचं 'व्हिजन' लिहून घेतलं होतं. 'जागतिक दर्जा' हे शब्द त्यात दोनदा आले होते.

धंदा आबांनी सुरू केला. कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, एका लेथवर ते ऑइल इंजिनाचे भाग करून द्यायचे. कोल्हापूरचे जुने नामांकित कारागीर म्हादबा मेस्त्री, त्यांचं नाव निघालं की आबा आदरानं कानाला हात लावायचे. व्हिजन हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. चार माणसं, एक शेड, दुपारचे डबे एकत्र. आबांच्या डोक्यात काय चाललंय ते चहा यायच्या आत सगळ्यांना कळलेलं असायचं. पुढं आम्ही शिरोली एमआयडीसीत आलो, कोळशाची कपोला भट्टी जाऊन विजेवरची इंडक्शन फर्नेस आली, माणसं साठाच्या घरात गेली, आणि माझ्या डोक्यातलं माझ्याच डोक्यात राहायला लागलं.

फ्रेम लावली त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर मी भाषण ठोकलं. गाड्यांच्या कंपन्यांना थेट माल, निर्यात, वगैरे. टाळ्या झाल्या, पेढे वाटले. मग मोल्डिंगचे, म्हणजे वाळूचे साचे करायच्या खात्याचे, मिस्त्री हळूच जवळ आले. ते आबांच्या काळापासूनचे. म्हणाले, "मालक, ह्ये समदं बराबर हाय. पर उद्या सकाळी आल्यावर आम्ही येगळं काय करायचं?"

मी हसून वेळ मारून नेली. खरं म्हणजे मलाच माहीत नव्हतं.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद. तयार माल गेटात पडून, आणि बऱ्याच कामगारांची घरं पाण्यात. पाणी ओसरल्यावर एका मोठ्या ग्राहकाचं पत्र आलं. उशीर त्यांनी समजून घेतला होता, पण वर्षभराच्या रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, हिशेब मांडून ऑर्डर निम्म्यावर आणली होती. ते पत्र मी कारखान्यात सगळ्यांसमोर उभं राहून वाचलं. मराठीत, आणि बिहार-ओडिशाची पोरं होती म्हणून माझ्या मोडक्या हिंदीतही. बँकेचा हप्ता किती, वीजबिल किती, किती महिन्यांच्या पगाराची सोय आहे, तेही सांगून टाकलं. "अहो, एवढं उघडं करतात का?" बायको म्हणाली. आबा काहीच बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही पटलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात एक गाडी करून मोल्डिंगच्या दहा-बारा जणांना भोसरीला त्या ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये नेलं. याआधी हे का सुचलं नाही, याची मला अजून लाज वाटते. साच्याच्या वाळूत शंभराला तीन-चार भाग ओल पुरते. जास्त झाली की तापलेलं लोखंड आत पडताना तिची वाफ होते आणि धातूत अडकते. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, वरून गुळगुळीत, ठोकून बघा नाहीतर पुसून बघा. पोकळी उघडी पडते ती तिकडे, मशीनवर बोअर मारताना, म्हणजे भोक कोरताना. म्हणजे आमच्या मोल्डरनं वीस-वीस वर्षं स्वतःची चूक डोळ्यांनी कधी पाहिलीच नव्हती! मिस्त्रींनी त्या भोकात करंगळी घालून बघितली. परत येताना खंबाटकी ओलांडेपर्यंत गाडीत कुणी चकार शब्द काढला नाही. मग मागून एकानं विचारलं, "ह्या एका पिसात आपलं किती गेलं?"

तेव्हापासून नापास पिसावर तांबड्या रंगात रुपये लिहितो. लोखंड परत भट्टीत जातं, ते कुठं जात नाही. पण एक टन वितळवायला 600 युनिटांच्या आसपास वीज लागते, ती गेली ती गेली. कोअर (भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा), फेटलिंगची म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करायची मजुरी, जायचं-यायचं भाडं, सगळं त्या आकड्यात धरतो. आकडे वाचायला भाषा लागत नाही, हा आणखी एक फायदा.

सगळं गोडच झालं असं नाही. हिशेब उघडा केला की लोकही हिशेब करतात. पुढं एका दिवाळीला बोनसची मागणी आली ती माझेच आकडे तोंडावर मारून. तेव्हा दिला. त्याच्या पुढच्या वर्षी जमला नाही, तर एक चांगला मोल्डर पलीकडच्या फौंड्रीत गेला. रिजेक्शन पूर्वी शंभरात नऊ-दहा असायचं, आता चार-पाच असतं. निर्यात अजून नाही. गेल्या खंडेनवमीला भाषण मिस्त्रींनी केलं, दोन मिनिटांचं, त्यातलं निम्मं वाळूच्या ओलीवर.

फ्रेम कधी उतरवली आठवत नाही. खिळ्यावर आता वाळूच्या तपासणीची वही लटकते. परवा माझ्या सहीच्या रकान्यात कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, "वाळूच्या मिक्सरचा पाण्याचा व्हॉल्व्ह गळतोय. तीनदा सांगितलं."

शनिवारी बदलून घेतला.