हॉटेल नव्हे, खोली निवडावी

जुन्या शहराच्या मध्यभागी राहायचे ठरले, दोन-तीन छोटी बुटीक हॉटेले पसंतही पडली आणि दरही जवळपास सारखेच निघाले, की बहुतेक जण सरासरी मानांकन पाहून निर्णय घेतात. माझ्या मते इथे ही सरासरी फारशी उपयोगी पडत नाही. मोठ्या हॉटेलात शंभर खोल्या एकाच साच्यातल्या असतात. दहा-बारा खोल्यांच्या हॉटेलात मात्र प्रत्येक खोली वेगळी असते, कारण ती इमारत मुळात हॉटेल म्हणून बांधलेलीच नसते. एक खोली पूर्वी दिवाणखाना होती, तर दुसरी छपराखालची अडगळीची जागा होती, आणि संकेतस्थळावरचे मोठे छायाचित्र बहुधा पहिल्या खोलीचे असते.

म्हणून मी आधी इमारतीची घडण समजून घेतो. मोरोक्कोतल्या फेस किंवा माराकेशमध्ये रियादच्या, म्हणजे मधल्या चौकाभोवती बांधलेल्या जुन्या घराच्या, खिडक्या बहुतांशी आतल्या चौकात उघडतात. त्यामुळे बाहेरच्या गल्लीचा गोंगाट आत पोहोचत नाही आणि उन्हाळ्यातही खोली बऱ्यापैकी थंड राहते. पण न्याहारी त्याच चौकात मांडली जाते, तळमजल्यावरच्या पाहुण्याला पहाटेपासून कपबश्यांचा आवाज ऐकू येतो आणि खोलीत उजेडही बेताचाच असतो. तिथे वरच्या मजल्यावरची खोली घ्यावी. युरोपातल्या जुन्या शहरांच्या सार्वजनिक चौकांमध्ये नेमकी उलटी अडचण येते. दर्शनी खोली उंच छताची आणि भरपूर उजेडाची असते, पण खाली कॅफेची टेबले मध्यरात्रीपर्यंत भरलेली असतात, आणि इमारत संरक्षित असेल तर दुहेरी काचेच्या खिडक्या बसवण्यावर अनेकदा निर्बंध असतात. मागची खोली शांत खरी, पण तिची खिडकी अंगणात उघडते की हातभर रुंदीच्या डक्टमध्ये, हे विचारल्याशिवाय कळत नाही. छायाचित्रात खिडकीचा पडदा ओढलेला दिसला, की मी हा प्रश्न हमखास विचारतो.

लिफ्टचेही तसेच आहे. जुन्या जिन्याच्या पोकळीत ती बसवायला जागा नसते किंवा परवानगी मिळत नाही, त्यामुळे गुडघे दुखणारे कुणी सोबत असेल तर मजला हाच पहिला निकष ठरतो.

दारापर्यंत पोहोचण्याचा विचार मात्र हॉटेल ठरवतानाच करावा. व्हेनिसमध्ये मोटारी शहराच्या टोकाला पियात्साले रोमा या चौकापाशी थांबतात आणि पुढे पायऱ्यांचे पूल ओलांडत सामान न्यावे लागते. १९८१ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या फेसच्या मदिनेत, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरातही, मोटार शिरत नाही. फ्लॉरेन्सच्या मध्यभागात वाहनांना मर्यादित प्रवेश असून प्रवेशमार्गांवर कॅमेरे आहेत. तिथे गाडी घेऊन जाणाऱ्याने तिचा क्रमांक हॉटेलकडून आधी नोंदवून घ्यावा, नाहीतर दंडाची नोटीस घरी येते.

एवढे झाले की मी हॉटेलांना थेट ईमेल करतो: मला नेमकी कोणती खोली देणार, ती कितव्या मजल्यावर आहे आणि तिची खिडकी कुठे उघडते? जे हॉटेल खोलीचे नाव सांगून, तिच्यातली उणीवही न लपवता उत्तर देते, तिथे मी आरक्षण करतो. ‘आमच्या सर्वच खोल्या सुंदर आहेत’ असे उत्तर आले, तर छायाचित्रे कितीही मोहक असली तरी ते हॉटेल मी यादीतून काढून टाकतो.